चित्रतेजची नामांकनं आणि करुणाताई

सौंसर,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय करुणाताई,
सप्रेम जय भीम.

चित्रतेज सिनेमा पुरस्काराची नामांकनं आली काल. मी दुकानात एका पंपाची मोटर खोलून बसलो होतो, दोन्ही हात ग्रीसनं भरलेले, अन् मोबाईलवर यादी आली. नाकानं स्क्रीन सरकवत सरकवत सगळी वाचली. मोटरवाला संत्र्याचा शेतकरी घाबरला. म्हणे, "गौतमभाऊ, घरचं काही वाईट तं नाई ना?" म्हटलं, नाई गा, सुचिता ढोकेले नामांकन भेटलं. तं म्हणे, "तुमच्या नात्यातली हाय का?" आता याले काय सांगू!

दरवर्षी यादी आली का मी तुले फोन लावतो अन् आपण भांडतो. यंदा तू मेसेज केला, फोन नको, पत्र लिही. मोबाईलवर मी नुसते अंगठे पाठवतो अन् मग फोनच लावतो, म्हणून. ठीक हाय बाई, तू मास्तरीण, तुह्याच मनासारखं. घरी प्रज्ञा हासून राहिली. म्हणे, एवढं मोठं पत्र तुम्ही मले लग्नाआधी बी नाई लिहिलं.

आता माही मतं घे.

सिनेमा: 'दुपारची पाळी'. दुसरं नावच नाई. दवाखान्यात आया असलेली बाई, घरी म्हातारी सासू, अन् दोघींच्या मधात गेलेल्या माणसाचा फोटो. सिनेमाभर ती सासू सुनेले साधं गुणगुणू देत नाई. गुणगुणली का भांडं आपटते. दोन तास दोन बाया अन् दोन खोल्या, पण मी जागचा हाललो नाई.

नटी: सुचिता ढोकेच. ती चादर बदलते ना पेशंटची, त्याले न उठवता, अशी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, ते पाहून मले वाटलं हिनं खरंच दवाखान्यात नोकरी केली असन.

नट: हर्षल बनसोड, 'सायडिंग'मधला. लहान स्टेशनचा रूळ बदलणारा पॉइंट्समन, गाड्या थांबणं बंद होऊन राहिलं, आपल्या तिगावसारखं स्टेशन. साहेबापुढे तो जे ओरडते, तिथं माह्या अंगावर काटा आला.

गाणं अन् ध्वनी, हे दोन मी तुह्यावर सोडले. लहानपणी टॉकीजच्या मागच्या भिंतीले कान लावून तूच मले अख्खे सिनेमे सांगायची. तिकीट नसे, पण तुह्या तोंडून सिनेमा पाहून मी घरी जायचो. म्हणून ते काम तुहंच.

दिवाळीपासून तुहा आवाज नाई ऐकला. चंचल कशी हाय? भाऊजी इटारसीलेच हाय का अजून?

तुहा,
गौतम


पांढुर्णा,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय गौतम,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपाईदादानं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दिलं आणि सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. हल्ली बँक सोडून कोण पत्र पाठवतं? मी म्हटलं, मामेभावाचं आहे, महत्त्वाच्या कामाचं. उघडून वाचते तर सुचिता ढोके!

तर माझी मतं.

'दुपारची पाळी' मलाही फार आवडला. फार म्हणजे, मी तो तीनदा पाहिला. सुचितानं चादर बदलली ते तू पाहिलंस, पण त्यानंतर ती काय करते ते पाहिलंस का? पेशंटच्या उशीवरची सुरकुती हातानं सरळ करते आणि मग त्याच हातानं नकळत स्वतःच्या पदराची सुरकुती सरळ करते. ही बाई दिवसभर दुसऱ्यांचं सरळ करत असते, हे तिनं एका शब्दाशिवाय सांगितलं. आणि शेवटचं दृश्य! सासू आत, दार लोटलेलं, ही बाहेर पायरीवर बसलेली. कुणी काही बोलत नाही. सगळं शांत. आणि त्या शांततेत, बाहेरून काही घडलेलं नसताना, तिच्या चेहऱ्यावर हसू येतं. आतून आलेलं. दुःख संपल्याचं हसू नाही, ते पेलता येईल असं कळल्याचं. असा शेवट करायला दिग्दर्शकाची छाती लागते. मी तिथे रडले.

हर्षल बनसोडबद्दल आपलं एकमत आहे, पण दृश्याबद्दल नाही. ओरडणं कुणीही ओरडेल. तू शेवटची गाडी जाते ते आठव. तो हिरवा झेंडा गुंडाळतो. एक कोपरा बाहेर राहतो. पुन्हा उलगडतो आणि पुन्हा नीट गुंडाळतो. उद्यापासून तो झेंडा कुणालाच दाखवायचा नाहीये, तरी नीट गुंडाळतो. काय माणूस उभा केलाय त्यानं! मला तर त्या झेंड्यासाठी त्याला पुरस्कार द्यावासा वाटतो.

छायाचित्रण 'सायडिंग'लाच. दुपारच्या उन्हात रूळ कसे थरथरतात, ते आपण तिगावला कितीदा पाहिलं असेल, पण ते सुंदर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

गाणं आणि ध्वनी, या दोन्हींना मी यंदा मत देत नाही. गाणी आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, आणि ध्वनीतलं मला काय कळतं? ती दोन कोरीच सोड.

चंचल मजेत. तिचे बाबा महिन्यातून दोनदा येतात. प्रज्ञाला आठवण सांग.

तुझी ताई,
करुणा


सौंसर,
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,
जय भीम.

तुहं पत्र वाचलं अन् मले राग आला, हे आधीच सांगून टाकतो.

तू म्हणते, 'दुपारची पाळी' तीनदा पाहिला. खोटं. एकदाही शेवटपर्यंत पाहिला नाईस तू. "सगळं शांत, बाहेरून काही घडलेलं नसताना"? अवं, बंद दाराच्या आत ती म्हातारी गुणगुणून राहिली ना! सिनेमाभर जी सुनेवर भांडं आपटते, तीच शेवटी आतमधे तीच चाल गुणगुणते. ते ऐकून सुचिता हासते. साऱ्या सिनेमाचा जीव तिथं हाय. तू अर्ध्यातच उठून गेली अन् मले कायबाय लिहून पाठवलं. माह्यासारख्या मोटर बांधणाऱ्याले चालते म्हणून? अन् गाणी राहिली नाई म्हणे! तू? जिनं मले गाणी ऐकायले शिकवलं?

आता दुसरं. हे लिहिणार नव्हतो, पण प्रज्ञा म्हणे मनात ठेवू नका. मंगळवारी मी पांढुर्ण्याले आलो होतो बेअरिंग घ्यायले. म्हटलं ताईले भेटून जाऊ, शाळा सकाळची, दुपारी घरीच असन. गेटपाशी उभं राहून हाक मारली. तू गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली होती, माह्याकडं पाठ. "ताई" म्हणून बोंबललो. शेजारच्या घरातली बाई बाहेर येऊन पाहू लागली. तू बादली उचलली अन् आत गेली. दार लावून घेतलं.

मी काय केलं ताई? फोन नको, भेट नको, अन् पत्रात बी खरं नको. तुले बोलायचं नसन तं सरळ सांग. नामांकनाची नाटकं काऊन करायची?

गौतम


पांढुर्णा,
३ मार्च २०२५

प्रिय गौतम,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसत होते आणि उठत होते. आज चंचल म्हणाली, "आई, मामाला तू सांगणार की मी सांगू?" म्हणून लिहिते.

मी तुझी हाक ऐकली नाही, गौतम. मला ऐकू येत नाही.

एकदम नाही गेलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या कानात रातकिडा शिरल्यासारखा आवाज यायला लागला. मग फोनवर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटू लागली. मग उजवा कानही तसाच. नागपूरला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नसेचं आहे, औषधानं परत येत नाही, मशीन लावा. मशीन गेल्या वर्षीच घेतलं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. घालून आरशात पाहिलं आणि काढून ठेवलं. घरात तू समोर बसून बोललास तर मला ओठांवरून बरंचसं कळतं. दिवाळीला म्हणूनच मी तुझ्या अगदी समोर बसले होते. प्रज्ञा तिकडून काही विचारत होती, मी नुसती हसत होते. तिला वाटलं असेल, ताईला शिष्टपणा आला.

फोन म्हणूनच बंद केला. तुझा आवाज ऐकायचा आणि काय बोलतोस ते कळू नये, हे मला सोसत नव्हतं. पत्रात तू स्वच्छ ऐकू येतोस.

शाळेत कुणाला माहीत नाही. माझं काम वर्षावर्षाच्या करारावर आहे, तुला ठाऊकच आहे. तिसरीचा वर्ग. मुलं बोलताना मी त्यांच्या जवळ जाऊन उभी राहते, त्यांना वाटतं बाई प्रेमानं येतात. येतेच मी प्रेमानं, पण तेवढंच कारण नसतं. कुणाला कळलं तर एप्रिलपासून मला कोण ठेवेल? कृपा करून कुठे बोलू नकोस. मामांनाही नको.

आता सिनेमाचं. मी तो खरंच तीनदा पाहिला, शेवटपर्यंत. खाली इंग्रजीत संवाद येतात ते वाचत पाहते. पण गुणगुणण्याला शब्द नसतात ना, ते खाली कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या सिनेमात दाराच्या आड कुणीच गुणगुणलं नाही. माझी सुचिता आपल्या आपण हसली. तुझं पत्र वाचल्यावर मी पुन्हा लावला. टीव्हीचा आवाज पूर्ण केला, स्पीकरला हात लावून बसले. हाताला काहीतरी लागलं, अगदी बारीक. बस्स, तेवढंच.

मी चुकीचा सिनेमा पाहिला म्हणून रडू आलं. मग वाटलं, माझाही वाईट नव्हता रे.

एक काम करशील? त्या शेवटाला काय काय ऐकू येतं, ते मला लिहून कळव. नुसतं "म्हातारी गुणगुणते" नको. नीट सांग.

तुझी ताई,
करुणा


सौंसर,
८ मार्च २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तुहं पत्र वाचून मी दुकान बंद केलं अन् सरळ मोहगावच्या रस्त्याले गाडी घातली. उगाच. संत्र्याच्या एका बगिच्यापाशी थांबलो, पुन्हा वाचलं. गेटपाशी उभा राहून मी तुले मनातल्या मनात काय काय बोललो, ते तुले कधी सांगणार नाई. माफ कर मले.

घरी आल्यावर प्रज्ञाले म्हटलं, आज टीव्हीपाशी कोणी यायचं नाई. अन् 'दुपारची पाळी'चा शेवट डोळे मिटून ऐकला. मग पुन्हा. आता लिहितो, हळू वाच.

आधी पंखा हाय. जुना. त्याचं बेअरिंग गेलं हाय, फिरता फिरता एका जागी "टक" करते. सिनेमाभर तो टक होताच, पण मले तो शेवटीच ऐकू आला, कारण बाकी सगळं थांबलं. मग लांब कुठंतरी शेजाऱ्याच्या घरी कुकरची शिट्टी. मग आत म्हातारीचा खाटेवर कूस बदलल्याचा आवाज, सुतळीची खाट कुरकुरते तसा. मग काही नाई. अन् मग एक आवाज सुरू होते अन् बंद पडते. तुले वाटते खोकली. खोकलत नाई, ती सूर शोधून राहिली असते. गळा घासलेला, कितीक वर्षं न वापरलेला. पहिला सूर चुकते. पुन्हा घेते, खालून. तोंड मिटलेलंच, नाकातून येते आवाज. चाल पुरी येत नाई तिले, मधातली ओळ विसरते अन् पहिल्यावरच परत येते. पंख्याचा टक तिच्या तालात नाई, तरी चालू राहते. अन् सुचिता हासते तेव्हा, ताई, तिच्या श्वासाचा आवाज हाय. हसण्याचा नाई, श्वास सोडल्याचा. जसा कोणी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवल्यावर सोडते तसा.

झालं. एवढंच हाय.

मग मी दुसरं काम केलं. टीव्हीचा आवाज पार बंद करून 'सायडिंग' पाहिला. तुह्यासारखा. साहेबापुढे हर्षल ओरडते ते दृश्य आलं अन् मले हासूच आलं. आवाज काढून टाकला तं नुसतं तोंड वासणं अन् मानेच्या शिरा. सारेच हिरो करते तसं. पण झेंडा! तो कोपरा! पहिल्यांदा पाहिला तेव्हा माही नजर गाडीवर होती, गाडीचा आवाज एवढा मोठा होता का मी तिकडंच पाहत राहिलो. आवाज नसताना मले त्याचे हात दिसले. माही मान्यता घे. झेंडा, हाच सिनेमा हाय.

अन् मग आवाज लावून तेच पुन्हा पाहिलं. गाडी गेल्यावर त्यायनं सारे आवाज काढून टाकले, ना पाखरं, ना वारा. फक्त कापडाची सळसळ ठेवली. तू जो झेंडा पाहिला, तोच त्या ध्वनीवाल्यानं ऐकवला. तुम्ही दोघं एकमेकाले ओळखत नाई तरी एकाच जागी पोचले. म्हणून ध्वनीचं तुहं मत मी 'सायडिंग'ले देऊन टाकलं. चालते का सांग.

मशीनचं मी काही बोलणार नाई. चंचलचा फोन आला होता, ती जे बोलायचं ते बोलली. फक्त एवढं सांग, तिसरीतल्या पोट्ट्यायले तू खोटं काऊन वाटू देते का तुले सगळं ऐकू येते? ते सांभाळून घेतीन. मोठ्या माणसांचं मले माहीत नाई.

तुहा,
गौतम


पांढुर्णा,
१७ मार्च २०२५

प्रिय गौतम,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं हे विचारू नकोस. "सूर शोधून राहिली असते" हे वाक्य वाचून मी थांबले, डोळे मिटले, आणि मला ऐकू आलं. खरंच आलं. पंख्याचा टकसुद्धा. ध्वनीचं मत 'सायडिंग'ला, मान्य आहे. पण 'दुपारची पाळी'वरही अन्याय नको, मनातल्या मनात दोघांना वाटून दे.

त्यानंतर शाळेत जे घडलं ते सांगते.

मंगळवारी मी फळ्यावर पाढे लिहीत होते. पाठ वर्गाकडे. शेवटच्या बाकाजवळच्या दारात हिमानी नावाची मुलगी उभी होती, वाऱ्यानं दार आपटलं आणि तिची बोटं बिजागरीत सापडली. ती किंचाळली. सगळा वर्ग ओरडला. मी लिहीत राहिले, गौतम. सातचा पाढा संपेपर्यंत लिहीत राहिले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं माझा पदर ओढला तेव्हा वळले. तोवर शेजारच्या वर्गाचे सर धावत येऊन दार उघडून तिला कडेवर घेऊन गेले होते.

हाड मोडलं नाही. सूज आहे, नख काळं पडलंय. संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई रागावली नाही, चहा दिला, तेच जास्त लागलं. हिमानी म्हणाली, "बाई, मी तुम्हालाच हाक मारत होते." ती माझ्या समोर बसून म्हणाली, म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मशीन कानाला लावून शाळेत गेले, केस मागे बांधून, दिसेल असं. सरळ मुख्याध्यापक मॅडमच्या खोलीत. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही ठेवलं नसतं म्हणून." मग म्हणाल्या, "खरं सांगू का करुणाबाई, गेल्या वर्षी सांगितलं असतं तर कदाचित नसतंच ठेवलं. पण तुम्ही मराठी कशी शिकवता ते मला ठाऊक आहे. लहान मुलांचा वर्ग मात्र आता देता येणार नाही. त्यांच्याकडे पाठ फिरवून चालत नाही." हे त्यांचं बरोबर आहे.

एप्रिलपासून आठवीचं मराठी देणार आहेत. एक वर्ष बघू म्हणाल्या. बाक अर्धगोल लावायची परवानगी मी मागून घेतली.

तिसरीच्या मुलांना मी स्वतःच सांगितलं. मशीन काढून दाखवलं. एकानं विचारलं, "बाई, यात गाणी लागतात का?" सगळे हसले, मीसुद्धा. मग कुणी काही विचारायचं असलं की फळ्यापाशी येऊन, माझ्यासमोर उभं राहून, तोंड एवढं मोठं उघडून बोलायला लागले. एकेकाचे पडलेले दात मोजता यावेत इतकं मोठं. हा वर्ग सुटणार म्हणून वाईट वाटतंय. ते कमी करून सांगत नाही.

मशीनचं म्हणशील तर ते मला आवडलेलं नाही. ताटं पत्र्यावर आपटल्यासारखी वाजतात. माझ्याच चपलांचा मला त्रास होतो. माणसाचा आवाज त्यातून येतो, पण डब्यातून आल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, कानाला सवय होऊ द्या.

तुझी ताई,
करुणा


सौंसर,
१९ मार्च २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

हे पत्र नोहे, चिठ्ठी हाय. पांढुर्ण्याले जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ देऊन राहिलो, पोस्टाची वाट पाहायले येळ नाई.

रविवारी संध्याकाळी चित्रतेजचा सोहळा हाय टीव्हीवर. तू अन् चंचल इकडं या. प्रज्ञाले मी सगळं सांगतलं, तुले न विचारता. रागाव. ती दिवाळीचं आठवून रडली. म्हणे, मी ताईंना चार घरी शिष्ट म्हटलं. रविवारी ती तुह्यासाठी बेसनाची पाटोडी करणार हाय, ते खायचं अन् तिले माफ करायचं, दोन्ही एकदमच कर.

तुही जागा टीव्हीसमोर. मी बाजूले नाई, समोर बसीन, टीव्हीकडं पाठ करून. कोण काय बोललं ते तुले तोंड मोठं करून सांगीन. माहे दात साबूत हाय सगळे.

आठवीचे पोट्टे बदमाश असते. जमवून घेशीन तू.

गौतम


पांढुर्णा,
२५ मार्च २०२५

प्रिय गौतम,
सप्रेम जय भीम.

घरी सुखरूप पोहोचलो. चंचल म्हणते, मामाचं घर हेच खरं टॉकीज.

प्रज्ञाला सांग, पाटोडीचा रस्सा अजून जिभेवर आहे. ती माझ्या हाताला धरून काहीच बोलली नाही ते बरं झालं. बोलली असती तर मी मशीनला दोष देऊन पुन्हा पुन्हा विचारत बसले असते.

तू टीव्हीकडे पाठ करून बसलास खरा, पण किती वेळ? सुचिता ढोकेचं नाव आलं तसा तू वळलास आणि मग तासभर मला तुझं टक्कलच दिसत होतं. मी रागावले नाही. ती स्टेजवर आली तेव्हा तिला पाहायचं की तुला, हा प्रश्नच नव्हता. साधी सुती साडी, आणि बोलायच्या आधी तिनं माईकची उंची स्वतःच्या हातानं खाली केली, कुणाची वाट न पाहता. ती सिनेमातही अशीच आहे आणि बाहेरही, याचा मला फार आनंद झाला. काय बोलली ते निम्मं कळलं. सासूचं काम केलेल्या बाईंना तिनं खालून हात धरून वर आणलं, ते पूर्ण कळलं.

ध्वनी 'सायडिंग'ला मिळाला तेव्हा तू असा ओरडलास की मशीनमध्ये शिट्टी वाजली आणि मी ते काढून मांडीवर ठेवलं. म्हणून तुझ्या त्या ध्वनीवाल्याचं भाषण मी ऐकलंच नाही. तूही ऐकलं नाहीस, नाचत होतास.

आणि हर्षल बनसोडला नाही मिळालं, केतन इंगळेला मिळालं. तुझं तोंड उतरलं. केतन इंगळे कोण हे आपल्या दोघांनाही नीट माहीत नव्हतं, त्याचा 'ट्रॅक्टरची वरात' आपण विनोदी म्हणून पाहिलाच नव्हता. तू म्हणालास, "परीक्षकाले काही अक्कल नाई." मीही मान हलवली.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, त्यासाठीच हे पत्र.

काल सौंसरच्या स्टँडवर बसमध्ये बसलो. चंचल पाण्याची बाटली आणायला उतरली. ड्रायव्हर चहाला गेलेला, इंजिन बंद. मी खिडकीशी, मशीन कानात, बाहेर बघत होते. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "केतन इंगळेले भेटायलेच पाहिजे होतं."

मला वाटलं भास झाला. मागे बघितलं नाही. दुसरा आवाज आला, पुढचं नीट नाही कळलं, "...नुसता तोंडं वाकडी करते." मग पहिला आवाज, चिडलेला, "तू तो लग्नातला सीन पाहिला का?"

गौतम, त्या दोघींचे ओठ मला दिसत नव्हते. त्या माझ्या पाठीमागे होत्या. दोन वर्षांत माझ्या पाठीमागे जग नव्हतं. जे समोर असेल तेवढंच होतं. आणि आता तिथे दोन पोरी सिनेमावरून भांडत होत्या, आणि मला कळत होतं. सगळं नाही. डब्यातल्यासारखंच. पण कळत होतं.

मी वळले. कॉलेजच्या मुली, बॅगा मांडीवर. मी म्हटलं, "पोरींनो, मी तो सिनेमा पाहिला नाही. लग्नातला सीन काय आहे?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी केस बाजूला करून मशीन दाखवलं. "मला कमी ऐकू येतं. बस सुरू झाली की अजिबात येणार नाही. तोवर सांगा. माझ्याकडे बघून सांगा."

आणि सांगितलं रे त्यांनी! एक सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. तिचा केतन इंगळे वरातीत ट्रॅक्टर चालवतो, नवरी ती जिच्यावर त्याचा जीव असतो, आणि सगळ्यांनी नाच म्हटल्यावर तो स्टेअरिंग न सोडता नुसत्या खांद्यांनी नाचतो. तिनं तसं करून दाखवलं. सगळी बस हसली. दुसरी म्हणाली, "हेच तं, नुसती नौटंकी!" पहिली म्हणाली, "अगं, पण त्याचे डोळे पाहिले का तू?" ड्रायव्हर आला, इंजिन सुरू झालं, मशीनमध्ये नुसती घरघर भरली. तरी ती थांबली नाही. हातवारे करत, ओठ मोठे करत, पांढुर्णा येईपर्यंत तिनं मला अख्खा सिनेमा सांगितला. चंचलनं तिला स्वतःची पाण्याची बाटली दिली, घसा कोरडा पडला होता पोरीचा.

उतरताना ती मला म्हणाली, "काकू, सांगा ना, भेटायलेच पाहिजे होतं ना त्याले?"

मी म्हटलं, "हो." मैत्रिणीकडे बघून तिनं जीभ काढली.

तेव्हा परीक्षकांबद्दल तू जे बोललास ते मागे घे. मी घेतलंय.

तुझी ताई,
करुणा